जावईबापूंची लाइन

जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या कोचिंग क्लासात मी, दिवाकर, बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवतो आणि रविवारी आमच्या क्लबच्या पस्तिशीपुढच्या फुटबॉल टीमचा बचाव सांभाळतो. दोन्ही ठिकाणी माझं भांडवल एकच, आवाज. वर्गात माइक आहे, पण मी तो कधी लावत नाही. मैदानात मी ओरडलो की बाहेर उभे असलेले ऑटोवालेसुद्धा दचकून मागे सरकतात, असं आमचा गोलकीपर म्हणतो. मी ते कौतुक म्हणून घेतो.

आमची बचावाची पद्धत सरळ होती. समोरच्या टीमचा एकेक गडी एकेकाने वाटून घ्यायचा आणि शिट्टी वाजेपर्यंत त्याला चिकटून राहायचं. माझ्या वाट्याला कायम चेरीतालच्या टीमचा पियूष. त्याच्या मागे मी इतकी वर्षं धावलोय, की त्याच्या भावाच्या रिसेप्शनला तो जिलेबीच्या काउंटरकडे निघाला तर मीही सवयीने मागोमाग निघालो. सुहासिनी, म्हणजे माझी बायको, हे सगळ्या नातेवाइकांना सांगून मोकळी झाली आहे.

गेल्या वर्षी शहरातल्या क्लबांच्या स्पर्धेत सेमीफायनलला याच पियूषने चार गोल मारले. चारही वेळा मी त्याच्या मागेच होतो. चिकटून नव्हे, बराच मागे. माझी पन्नाशी जवळ आलीय आणि त्याने अजून चाळिशीही गाठलेली नाही, हा हिशेब माझ्या गुडघ्याला माझ्याआधी समजला होता. सामना संपल्यावर क्लबचे सेक्रेटरी पुंडलिकजी चहाचा कप हातात देत गोड आवाजात म्हणाले, की पुढच्या वर्षी पुन्हा असंच झालं तर बचावातल्या चौघांनी बाहेर खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवाव्यात. मला टाळ्या वाजवता येत नाहीत. रविवारचं मैदान गेलं तर माझ्याकडे फक्त केमिस्ट्री उरते.

यंदा पुंडलिकजींनी कोच म्हणून मेघना मॅडमना आणलं. त्या बँकेत मॅनेजर, पुण्याहून बदली होऊन आलेल्या, कॉलेजात असताना युनिव्हर्सिटीकडून खेळलेल्या. पुंडलिकजींनी त्यांना नवीन, त्यातल्या त्यात तरणे गडी आणायची परवानगी आधीच देऊन टाकली होती. मॅडमनी आमचा एक सराव पाहिला आणि म्हणाल्या, माणसं हीच राहू द्या, पद्धत बदलू. त्या दिवशी मला त्या फार आवडल्या. पुढच्या रविवारपर्यंत हे मत टिकलं नाही.

नवी पद्धत अशी, की कोणी कोणाच्या मागे जायचं नाही. बचावातल्या चौघांनी एका रेषेत उभं राहायचं आणि एकत्र पुढे-मागे व्हायचं. समोरच्याने लांब पास द्यायला पाय उचलला, की चौघांनी एकदम पुढे यायचं. मग त्यांचा पुढे घुसलेला गडी आमच्या मागे एकटा सापडतो आणि आपसूक ऑफसाइड, म्हणजे त्याचा गोल धरत नाहीत. वयस्क माणसांनी धावण्यापेक्षा डोकं चालवावं, असं मॅडमचं म्हणणं. 'वयस्क' हा शब्द त्यांनी फार सहज वापरला.

आमची रेष म्हणजे उजवीकडे अक्षत, दातांचा डॉक्टर. मध्ये मी आणि जगन्नाथ, माझा शाळेपासूनचा मित्र. आणि डावीकडे मुरलीधरराव, माझ्या धाकट्या बहिणीचे, पूर्णिमाचे यजमान. ते मझौलीला शेतकी खात्यात अधिकारी आहेत आणि दर रविवारी खास खेळायला शहरात येतात. माणूस शांत, पाय चांगला. पण ते आमचे जावई. आमच्या घरात जावयाचं पान आधी वाढतात, पंख्यासमोरची खुर्ची त्यांची, आणि जावयाला कोणी काम सांगत नाही. बाबांच्या काळापासून असंच चालत आलंय आणि मी ते जिवापाड पाळत आलोय.

चौघांमधलं अंतर कायम राहावं म्हणून मॅडमनी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणली आणि आमच्या कमरांना बांधली. जावईबापूंच्या कमरेला गाठ मारायला कोणी पुढे होईना, शेवटी त्यांनीच ती मारून घेतली. संध्याकाळी पूर्णिमाचा फोन. तिच्या सासूबाईंच्या कानावर गेलं होतं, की जबलपूरच्या लोकांनी आमच्या मुलाला दोरीनं बांधलं. मी तिला अर्धा तास ऑफसाइड समजावलं. तिला एवढंच कळलं, की दादाचं काही खरं नाही.

दोरी होती तोवर सगळं ठीक चाललं. एकजण हलला की बाकीचे ओढले जायचे. दोरी सोडली आणि घोळ सुरू झाला. लाइन पुढे नेण्याची हाक मी द्यायची होती. अक्षतला मी नुसतं 'बाहेर' म्हणत होतो, म्हणजे गोलपासून पुढे. जगन्नाथला तेवढंही नाही, नुसतं 'जग्या' म्हटलं की तो पळायचा. आणि मग डावीकडे वळून मी म्हणत होतो, जावईबापू, जरा बाहेर येता का? तेवढ्यात समोरचा गडी डावीकडून गोलपर्यंत पोहोचून परतही यायचा. सरावाच्या सामन्यात कॉलेजच्या पोरांनी आम्हाला तसे पाच गोल मारले. पाचही वेळा जावईबापू एकटे मागे राहिले होते, आणि पाचही वेळा मी त्यांना म्हटलं, काही हरकत नाही.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. मी दोघांना हुकूम सोडतो आणि एकाला विनंती करतो, हे का, असं विचारलं.

"जावई आहेत ते," मी म्हणालो.

"मग?"

मग काय? आमच्या घरात एवढं कारण पुरतं. मॅडमनी मैदानाकडे बोट केलं. म्हणाल्या, जुन्या पद्धतीत प्रत्येकाला आपापला गडी होता, म्हणून तुम्हाला त्यांना काही सांगावंच लागत नव्हतं. ती पद्धत फुटबॉलपेक्षा तुमच्या घराच्या सोयीची होती. आणि मग त्यांनी निर्णय दिला.

"ज्यांना कोणी सांगू शकत नाही, त्यांनीच सगळ्यांना सांगावं. लाइनची हाक मुरलीधर देतील. ते मध्ये, जगन्नाथ डावीकडे. आणि सर, तुम्ही फक्त ऐकायचं."

मी फक्त ऐकायचं. माझं डोकं असं सणकलं, की स्कूटर तिथेच सोडून पायी घरी आलो. सुहासिनी मटार सोलत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, बहुधा शेजाऱ्यांनाही, कारण त्यांची खिडकी बंद झाल्याचं मी ऐकलं.

"काहून चिडून राहिले?" ती म्हणाली. "तुम्हाला खेळायचं आहे का ओरडायचं आहे?"

मी म्हटलं, दोन्ही. तिने उरलेल्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या. त्या संपेपर्यंत मला कळून चुकलं, की दोन्ही मिळायचं नाही. खुर्चीवर बसून टाळ्या वाजवण्यापेक्षा तोंड बंद ठेवून धावलेलं बरं. मी स्कूटर आणायला परत गेलो.

सेमीफायनल पुन्हा चेरीतालशीच आली. पुंडलिकजी पहिल्या रांगेत बसले होते, आणि त्यांच्या शेजारी चार खुर्च्या रिकाम्या होत्या. मुद्दाम ठेवल्या होत्या की काय, देव जाणे. मी त्या पाहिल्या आणि तोंड मिटून घेतलं.

सुरुवात बरी झाली. आमच्या पुढच्या पोरांनी एक गोल मारला. मुरलीधरराव मधून अक्षतला हाक देत होते, जगन्नाथला देत होते, हळू पण वेळेवर. त्यांना दिसतही होतं चांगलं. समोरचा गडी पाय उचलायच्या आधीच त्यांना कळायचं, की आता लांब पास येणार. इतकी वर्षं हा माणूस कोपऱ्यात उभा राहून सगळा खेळ वाचत होता आणि आम्ही त्याला कधी विचारलं नव्हतं.

मग मध्यांतराच्या जरा आधी पियूष माझ्या बाजूने निघाला. मी हाकेची वाट पाहत उभा. हाक आली.

"दादा, जरा बाहेर येता का?"

तोवर पियूषने गोल मारून सहकाऱ्यांना मिठ्या मारायला सुरुवात केली होती. एक-एक.

मध्यांतरात सगळे ग्लुकोजचं पाणी पीत होते. मुरलीधरराव लांब जाऊन मोज्याची घडी नीट करत बसले होते. मी रागाने तरातरा त्यांच्याकडे गेलो, आणि जाता जाताच लक्षात आलं, की हे वाक्य माझंच आहे. मीच त्यांच्याशी असं बोलतो. त्यांनी फक्त ते मला परत दिलं होतं.

ते सॉरी म्हणाले. मग मान खाली घालूनच बोलले.

"तुमच्यावर कसा ओरडू, दादा? लग्न झाल्यापासून तुमच्या घरात मला कोणी एक काम सांगितलं नाही. पोळी घ्या, भात घ्या, एवढंच. तुम्ही सगळे आपसात भांडून राहता, हसून राहता. मी आलो की सारे सावरून बसता. मला वाटते, मी अजून पाहुणाच आहे."

मी ज्याला मान म्हणत होतो, तो या माणसाला दाराबाहेर ठेवत होता, आणि तो बिचारा दर रविवारी मझौलीहून येऊन त्या दाराशी उभा राहत होता. मला त्याची माफी मागायची होती, पण रेफरीने शिट्टी तोंडात धरली होती.

"मुरली," मी म्हणालो, आणि त्याने चमकून वर पाहिलं. "जग्या मला दिव्या म्हणतो. तूही म्हण. आणि घरच्या माणसावर ओरडतात तसा ओरड."

दुसऱ्या भागात आम्ही पुन्हा एक गोल मारला. कोणी मारला ते मला विचारू नका, मी लाइन पाहत होतो. मग चेरीतालवाले चवताळले. शेवटी शेवटी त्यांच्या मधल्या गड्याने बॉल घेतला आणि मान वर केली. पियूषने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि झेप घेतली. माझे पाय आपोआप त्याच्याकडे वळले. इतक्या वर्षांची सवय, ती काय एका दोरीने सुटते?

"दिव्या, बाहेर ये!"

आवाज एवढा मोठा होता, की मला वाटलं मीच ओरडलो. मी पियूषकडे पाठ फिरवली आणि पुढे पळालो. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एकट्याला सोडलं. चौघं एका रेषेत आलो, बॉल डोक्यावरून गेला, आणि कडेच्या पंचाने झेंडा वर केला. ऑफसाइड.

पियूष गोलजवळ थांबला आणि मागे वळून मला शोधू लागला. परत येताना जरा हिरमुसून म्हणाला, "भैया, आज साथ नहीं आए?"

"घरवाले बुला रहे थे," मी म्हणालो.

सामना आम्ही दोन-एकने जिंकला. पुंडलिकजींनी त्या चारही खुर्च्यांवर आमच्या बॅगा ठेवून घेतल्या. मॅडम म्हणाल्या, फायनलआधी आणखी एकदा दोरी बांधू. कोणी हरकत घेतली नाही.

संध्याकाळी सगळे आमच्याकडे जेवायला होते. सुहासिनीने मटारभात केला होता. पूर्णिमाही आली होती. मुरली सवयीने पंख्यासमोरच्या खुर्चीत बसला, त्याचं पान आधी वाढलं गेलं, आणि तो सुरू करेपर्यंत आम्ही सगळे हात आवरून गप्प बसलो. त्याची नजर पानावर होती. ही शांतता मला त्या दिवशी अगदी सोसवेना.

"मुरली," मी म्हणालो, "ऊठ, पाणी आण सगळ्यांना."

सुहासिनीचा डाव हवेतच राहिला. पूर्णिमा माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू हा आता बाबांचा भिंतीवरचा फोटोच उतरवणार. मुरली मात्र ताडकन उठला आणि जवळजवळ पळतच आत गेला. स्वयंपाकघरात एक कपाट उघडल्याचा आवाज आला. मग दुसरं. मग तिसरं.

"दिव्या," आतून आवाज आला, "ग्लास कुठे ठेवता तुम्ही लोक?"

इतक्या वर्षांचा आमचा जावई, आणि आमच्या घरात ग्लास कुठे असतात ते त्याला ठाऊक नव्हतं. मी माझा तो ठेवणीतला आवाज लावला, थेट रस्त्यापर्यंत जाणारा.

"वरच्या फळीवर, डावीकडे. आणि येताना लोणचंही आण."