बसून दिलेलं बोट

खोलीतल्या दोरीला कपड्यांचे चिमटे अडकवलेले. त्यांच्यातच एक पांढरा चिमटा, बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचा.

ओली चादर किती जड असते, हे ती पिळणाऱ्यालाच माहीत.

लाँड्रीची पाटी : डाग राहिल्यास कपडे पुन्हा धुऊन मिळतील.

खाट खिडकीजवळ, म्हणून दवाखान्यात नर्स लाँड्रीवाल्यांच्या सुनेला ‘खिडकीवाली’ म्हणायच्या. नाकात नळी असतानाही ती शेजारच्या खाटेची चुरगळलेली चादर हात लांबवून सरळ करायची.

आता घरी, बसायला आलेल्या शेजारणीला हसू आवरत नव्हतं.

हसायचं कारण सासूबाईंनीच पुरवलं होतं. लाँड्रीमागच्या खोलीत सून खुर्चीत बसली होती. विषाणूच्या तापानं तिची फुफ्फुसं धरली, दवाखान्यात राहून ती घरी आली. ताप गेला, तपासणी निगेटिव्ह आली, पण दम काही परत आला नाही. तेव्हापासून घरात एक रिवाजच पडला होता. तिनं दम लागतो म्हटलं, की तिला गच्चीवरून खाली बोलवायचं, बसवायचं, पाणी पाजायचं आणि मग बोटाला चिमटा लावायचा. पाणी पाजण्यात कधी कसूर झाली नाही.

“पंच्याण्णव,” सासूबाईंनी वाचलं. मग त्यांनी स्वतःचं बोट घातलं. “चौऱ्याण्णव! घ्या. आजारी मी, आणि दमते ही.”

“मग तुम्ही लोळा की खाटेवर, पाय चेपेल ती,” शेजारीण म्हणाली.

इस्त्री उभी करून नवराही हसला. त्याच्या सदऱ्याला कधी सुरकुती दिसत नसे, म्हणून गल्लीत त्याला ‘कडक’ म्हणत. “आकडा काय खोटं बोलतो का? चल, ऊठ. लॉजच्या चादरी वाळायच्यात अजून.”

ती उठली.

माहेरी आलेली नणंद थोड्या वेळानं गच्चीवर गेली, तर वहिनी पाण्याच्या टाकीला टेकून तोंडानं श्वास ओढत होती. ओठ शाईत बुडवल्यासारखे. नणंद धावत खाली गेली, चिमटा घेऊन आली आणि तिथंच तिच्या बोटाला लावला.

एकोणऐंशी.

“वहिनी, हलू नकोस. आई! दादा! वर या आधी!”

“तिलाच आण की खाली!” सासूबाई खालूनच ओरडल्या.

दर दोन पायऱ्यांवर थांबत नणंदेनं तिला आणलं. खुर्ची. पाणी. चिमटा. सगळे वाकून बघत होते. ब्याण्णव. चौऱ्याण्णव. पंच्याण्णव.

“जादू,” कडक म्हणाला.

“दोघींचं संगनमत,” सासूबाई म्हणाल्या.

“अगं आई, या डोळ्यांनी बघितलं मी! चिमटा बोटाला ठेवून तिला जिना चढव, तू मागून जा, म्हणजे दिसेल.”

“माझे गुडघे कोण चढवणार?”

सासूबाईंना गुडघे होते. सुनेला फुफ्फुसं असायची परवानगी नव्हती.

तेव्हा सुनेनं बोटाचा चिमटा काढून मांडीवर ठेवला. “यापुढं बसून बोट देणार नाही मी. बघायचं असेल तर वरच्या पायरीवर या.”

शेजारणीनं पदर सावरला.

“बोट नको देऊस,” कडक म्हणाला. “बादली तेवढी ने.”

“मी नेते.” नणंदेनं बादली उचललीसुद्धा.

“तू?” सासूबाईंनी बादलीच्या कडीला हात घातला. “माहेरी आलेल्या लेकीला चादरी वाहायला लावल्या, असं तुझ्या सासरी कळलं तर तोंड कुठं लपवू? सोड.”

नणंदेनं कडी सोडली.

सून बादली घेऊन जिन्याच्या वळणाआड गेली. मग पत्र्याचा दणका झाला आणि पायऱ्यांवरून साबणाच्या वासाचं पाणी खोलीपर्यंत आलं.

“गेल्या चादरी!” सासूबाई ओरडल्या.

मग सगळेच जिना चढले. सासूबाईंचे गुडघेही चढले. सून भिंतीकडे तोंड करून पडली होती, एक चादर अंगाखाली. कडकनं तिचं बोट धरून चिमटा लावला. आकडा येईना, दोन आडव्या रेघा तेवढ्या दिसत राहिल्या.

“बघितलंस?” तो बहिणीला म्हणाला. “बिघडलेलाच आहे हा.”

दुखवट्याला आलेल्यांना सासूबाई सांगत होत्या, “चांगली बरी होऊन आली होती हो. अचानकच झालं.” शेजारीण मान डोलावत होती. आपल्या ओळखीच्या किती घरांत हे ‘अचानक’ आपण असंच मान डोलावून ऐकून घेतलं असेल?

नणंद उठून उभी राहिली. “अचानक नाही झालं. बादली माझ्या हातात होती. मी सोडली.”

“गप्प बस,” कडक म्हणाला.

“नाही बसणार. तिच्या माहेरी जाऊन सांगणार आहे. माझ्या सासरीही सांगणार आहे.”

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाई नवऱ्याला म्हणाल्या होत्या, फुफ्फुसांवर व्रण राहिलेत, बसल्यावर आकडा चांगलाच येईल, जिना चढल्याबरोबर मोजा आणि कमी आला तर लगेच घेऊन या. तो हो म्हणाला होता.