बेरीज आठ येते म्हणून

मी ४,२७,४२७ बोलतेय. हो, संख्याच. आणि आज मी गोड बोलणार नाही.

मला कुणी जन्माला घातलं नाही. मोजणी आहे तेव्हापासून मी माझ्या जागेवर आहे. एका बाजूला ४,२७,४२६, दुसऱ्या बाजूला ४,२७,४२८. आमचं कधी वाजलं नाही. वाजवलं ते माणसांनी.

२००६ साली मी मोरिवलीच्या श्रद्धाच्या वाट्याला आले. सातवीत शाळा सुटली, मग लग्न, आता मांडीवर तीन महिन्यांची मुलगी. तरी सतरा नंबरचा फॉर्म भरून ती बाहेरून दहावीला बसली होती. तिच्या हॉल तिकिटावर बैठक क्रमांक म्हणून मी.

तिचा नवरा सुयोग मला घेऊन उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या एका आकडे बघणाऱ्याकडे गेला. त्याने माझे सगळे आकडे मिळवले, सव्वीस. दोन आणि सहा, आठ. "शनि है. भाभी को बोलो, अगले साल बैठे."

अहो, माझे आकडे हलवून २,४७,७२४ लिहा, बेरीज आठच येते. ज्याला आम्हा दोघींतला फरक दिसत नाही, तो माझ्यावरून श्रद्धाचं नशीब सांगणार? त्या आठचा अर्थ एवढाच, की मला नऊने भागलं तर आठ उरतात. माझ्यापुढे नऊ घरं मोजा, तिथेही आठच. मग काय, दर नववं पोर घरी बसवायचं?

श्रद्धाने मात्र मला भागून बघितलं. मुलीला पाजता पाजता, कॅलेंडरच्या पाठीवर. सातने भाग गेला, अकराने गेला. तेराचा पाढा तिचा कच्चा, तरी तेरानेही गेला. मग तिने ५,१८,५१८ घेतले. तिथेही तेच.

"अहो, बघा ना. कुठलेही तीन आकडे पुढे परत तेच लिहायचे, हे तिघं आत असतातच."

"पेपरात हे विचारणारेत का?" सुयोग म्हणाला.

गणिताच्या पेपरच्या सकाळी मुलगी तापली. आदल्याच दिवशी तिला त्रिगुणीची लस टोचलेली. ताप येईल म्हणून नर्सने सांगितलेलं, औषधही दिलेलं. पण सासू कौसाबाई म्हणाल्या, "बघ, आला तुझा आठ घरात."

आणि श्रद्धाने हॉल तिकीट फळीवर ठेवून दिलं. जिने मला भागलं होतं, तीही घाबरली. याचा मला जास्त राग आला.

औषधाने मुलीला घाम सुटला, अंग निवलं. श्रद्धाने तिच्या कपाळाला हात लावून बघितलं आणि म्हणाली, "आई, यांना लहानपणी सुई टोचल्यावर ताप नव्हता आला?"

"आलेला की. मांडीवर घेऊन बसलेली मी."

"तेव्हा यांचा कोणता नंबर होता?"

कौसाबाई उठून आल्या. मग नातीला ओढून घेत म्हणाल्या, "तोंड लय चालतं तुझं. जा बाय, रिक्षा कर. पेपरात चालव."

अंबरनाथच्या शाळेत ती पोचली तेव्हा पेपर सुरू झाला होता. मी बाकावर खडूने लिहिलेली, वाट बघत. उत्तरपत्रिकेवर तिने मला आधी आकड्यांत लिहिलं, मग अक्षरांत. खाडाखोड एक नाही.

आता ती पास होईल का, हे मला विचारायला येऊ नका. मला भागता येतं, गुणता येतं, पण माझ्यात कुणाचं भविष्य नाही. एखाद्या आईचा पेपर असला तर तिचं पोर सांभाळा. बेरजा नंतर करा.