उंबराची डहाळी

मी एक हरियल बोलतोय. पिवळे पाय, हिरवट-पिवळं अंग आणि खांद्यावर जांभळी झाक. दिसायला कबुतराचा भाऊ. पण दाणे टिपत दारोदार फिरणं आमच्यात नाही. उंबर, वड, पिंपळ पिकले की आमचं ताट वाढलेलं. हरियल जमिनीला पाय लावत नाही, पाण्याला उतरला तरी पायात काडी धरतो, असं लोक सांगतात. खरं तर तहान लागली की आम्ही मुकाट्याने उतरतो. पण आपली चांगली ख्याती आपणच कशाला मोडायची?

पारशिवनीकडच्या रानात माझा जन्म. एका उन्हाळ्यात पारध्याने फांदीवर चीक लावून ठेवला, त्यात माझे पंख अडकले. थवा उडून गेला. माझी जोडीदारीण मात्र बराच वेळ घिरट्या घालत होती. तिची ती शीळ अजून कानात आहे.

नागपूरच्या बाजारातून मला शालिकरामने घरी आणलं. तो गिरणीत कामाला. त्याची बायको गोपिका छातीच्या आजाराने अंथरुणाला खिळली होती आणि माहेरच्या आठवणीने झुरत होती. तिचं माहेर माझ्याच रानाच्या कडेला. तिचा जीव रमावा म्हणून मी आलो, आणि मी उडू नये म्हणून शालिकरामने माझी पिसं कापली.

गोपिकेला ते आवडलं नाही. माझ्या पायांना पिंजऱ्याचा पत्रा लागू नये म्हणून ती रोज उंबराची ताजी डहाळी आत ठेवायला लावी. माझ्याशी ती तासन्‌तास माहेरचं बोले. पिंजऱ्यात होतो, तरी तिचा मला लळा लागला, हे कबूल करतो.

थंडीत तिचं दुखणं वाढलं. एका सकाळी तिने नवऱ्याला जवळ बोलावलं.

"मी गेल्यावर याले माह्या बाबाच्या उंबरावर सोडजा बरं."

"सोडतो वं," तो म्हणाला.

ती गेली. पिसं वाढू लागली, तशी मला आशा वाटू लागली. पण एक दिवस शालिकराम कात्री घेऊन आला.

"तूबी गेला तं घरात कोन राहीन गा?"

मग डहाळी रोज येई आणि पिसं वाढली की कात्रीही येई. मला त्याचा राग येई आणि कीवही.

वर्षश्राद्धाला गोपिकेची आई रुख्मिणी आली. लेकीचं शेवटचं मागणं तिलाही ठाऊक होतं. पिंजरा पाहून तिने एवढंच विचारलं, "काहून नाई सोडला?" दुसऱ्याच दिवशी शालिकराम मला घेऊन त्या उंबराखाली उभा राहिला. अर्धीमुर्धी वाढलेली पिसं पुरतील असं त्याला वाटलं, आणि मलाही.

वर थवा फळं खात होता. दार उघडताच मी झेप घेतली आणि धपकन मातीवर पडलो. शालिकराम गुडघ्यांवर बसला, घाईघाईने माझ्या पायांखाली डहाळी सरकवू लागला आणि रडू लागला. पण माझा पंख मोडला होता.

आता मी रुख्मिणीच्या अंगणात असतो. पिंजऱ्याचं दार उघडंच असतं. नवी पिसं आली आहेत, पंख मात्र उचलत नाही. सुट्टीच्या दिवशी शालिकराम डहाळी घेऊन येतो. बाबांनो, जमिनीला पाय लागल्याने हरियल मरत नाही. आमच्या पायांची काळजी करू नका, आमची पिसं तेवढी राहू द्या. वर उंबरावर थवा आला की मी शीळ घालतो. ते उत्तर देतात, थोडं थांबतात आणि उडून जातात.