चालत्या लिफ्टची दुरुस्ती

"हात वर कर. आणि डुलू नकोस," तोंडातल्या टाचण्या सांभाळत ताई म्हणाली.

त्याने हात वर केले. सकाळी तीस किलोमीटर पळून आलेला. मांड्यांचे दगड झाले होते. पण थोरल्या बहिणीपुढे एकोणपन्नासाव्या वर्षीही तो ढब्बूच. लहानपणी गुटगुटीत होता म्हणून पडलेलं नाव, अंगावरचं मांस गेलं तरी ते काही गेलं नाही.

कॅन्सरच्या पेशंटांना मदत करणाऱ्या संस्थेसाठी तो बेचाळीस किलोमीटर पळणार होता. तो मेकॅनिक होता त्या लिफ्ट कंपनीतल्या सगळ्यांनी खिसे रिकामे केले होते. साहेबांनी नोटीस बोर्डावर त्याचा फोटो लावून खाली लिहिलं होतं, 'भाऊ असावा तर असा'. बोर्डासमोरून जाताना तो मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, किती नम्र!

'माझ्या ताईसाठी' असं छापलेली कापडी पट्टी ऑफिसातल्या बायकांनी दिली होती. ती पट्टी ताई आता त्याच्या बनियनच्या पाठीवर टाचत होती.

गेल्या वर्षी आठ गुरुवार त्याने ताईला केमोसाठी इस्पितळात नेलं. चौथ्या मजल्यावर कॉटवर बसवायचं, उशी नीट करायची आणि नर्स सुई घेऊन आली की म्हणायचं, "लिफ्टची तक्रार आलीय, बघून येतो." मग गच्चीवरच्या, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत पालथ्या बादलीवर चार तास बसून राहायचं. काळोख्या खड्ड्यात दोरावर लोंबकळणारा हा गडी, पण ताईच्या हातात सुई जाताना त्याला बघवत नव्हतं. समोर मशीन घड्याळासारखं चालू असायचं. खाली आला की ताई विचारायची, "झाली दुरुस्ती?"

"झाली. जुनं मशीन, काय करणार!"

ताईने शेवटची टाचणी लावली. "डॉक्टर म्हणतात, परत सुरू करू. या गुरुवारपासून."

त्याच्या मनात पहिलं आलं ते हे, की गुरुवारी चढावर पळण्याचा सराव आहे. मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की कान तापले.

"मी येतो ना. सोडतो तुला."

"सोडशील रे. आणि मग लिफ्ट?"

"लिफ्टचं काय?"

"माझी कॉट लिफ्टच्या भिंतीला लागून होती, ढब्बू. दिवसभर घरघर यायची. आठ गुरुवारांत एकदा तरी बंद करायचीस!"

त्याचे हात अजून वरच होते.

"बोलली नाहीस कधी."

"काय बोलू? शेजारच्या कॉटवरची विचारायची, भाऊ कुठे गेला? मी सांगायची, फार हुशार आहे, त्याच्यावाचून इथली लिफ्ट हलत नाही." ती हसली. "घे आता हात खाली. दुखतील."

त्याने हात खाली घेतले, बनियन काढला आणि एकेक टाचणी उपसून तिच्या डबीत टाकली. ताईने अडवलं नाही. पट्टीची घडी करून तिने शिवणाच्या डब्यात ठेवून दिली.

गुरुवारी तो त्याच कॉटशेजारच्या स्टुलावर बसला. नर्सने पाकीट फोडून सुई हातात घेतली तोच वॉर्डबॉय दारात आला. "मेकॅनिक ना तुम्ही? लिफ्ट अडकलीय. रिकामीच आहे, पण बघता का जरा?"

तो सवयीने अर्धा उठला. ताईने डोळे मिटून घेतले.

तो खाली बसला. खिशातून फोन काढून कंपनीतल्या दुसऱ्या मेकॅनिकला बोलावून घेतलं. मग ताईचा हात हातात धरला आणि सुई आत जाईपर्यंत बघत राहिला.

"खरंच बंद आहे का रे?" डोळे न उघडता ताईने विचारलं.

त्याने भिंतीला कान लावला.

"हो गं. खरंच बंद आहे."