पाण्याबाहेरचा श्वास

माझ्या नवऱ्याचा, आन्सेल्मोचा, नियम एकच. ट्राउट पाण्याबाहेर असेपर्यंत आपणही श्वास रोखायचा. आपला जीव घाबरा झाला, की माशाला सोडायचं. अँडीजमधल्या या ओढ्यावर लग्नापासून मी तेच बघतेय. तो ओल्या हातांनी मासा उचलून धरायचा आणि मी निवांत त्याच्या अंगावरचे तांबडे ठिपके बघायचे.

“डॉक्टर काय म्हणाला?” आज चढताना मी विचारलं.

“त्याला काय डोंबल कळतंय! छाती घोड्यासारखी आहे माझी.”

वर पोचल्यावर मोठा मासा लागला. आन्सेल्मोने गळ काढून तो उचलला. मी ठिपके बघायला वाकले, तोवर मासा पाण्यात परत गेलाही होता.

“नीट बघायचं ना गं!” तो धापा टाकत खेकसला.

“बघितलं,” म्हणत मी त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली.