उजव्या कडेचा माणूस

"उजवीकडून अजून आत घे," राइमो म्हणाला. "अजून. हां, थांब!"

हिल्काने काळा पुठ्ठा बोटभर आत सरकवला आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना वाकड्या केल्या. कोइवुलाहती गावच्या फोटो मंडळात कात्री शेवटी येते. आधी काटकोनात कापलेले दोन पुठ्ठे छापलेल्या फोटोवर ठेवायचे, मागेपुढे सरकवत नको ते झाकायचं आणि मनसोक्त वाद घालायचा. वाद संपला की कॉफी आणि वेलचीचा पाव. हेच काम संगणकावर चुटकीसरशी होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण मग भांडायचं कशावरून?

आज भांडण नव्हतंच. गावाच्या कॅलेंडरचं मुखपृष्ठ ठरायचं होतं, आणि हिल्काचा फोटो बघताच बाकीच्यांनी आपापले फोटो मुकाट्याने पाकिटात घातले होते. शाळेच्या स्वयंपाकघरात उभी हयात गेलेली ही बाई वर्षानुवर्षं तळ्याचे फोटो देत आली होती. एकदा मार्चचं पान मिळालं होतं. मार्च म्हणजे नुसता पांढरा बर्फ! मुखपृष्ठ कधीच नाही. ते तिला हवं होतं, आणि हवंय हे ती लपवतही नव्हती.

"अंगावर काटा आला गं," तिची बहीण सिर्पा म्हणाली. "हे तळं आपलंच ना?"

आपलंच होतं. पाण्यावर एक सुरकुती नाही. वर बर्चच्या झाडांची रांग पिवळीधम्मक, खाली तीच रांग उलटी, आणि डावीकडे काळपट दाट झाडांचा एक तुकडा, डोळ्याला टेकायला. किनारा फोटोच्या बरोब्बर मधोमध होता. राइमोच्या नियमाप्रमाणे ही चूक, पण आज राइमोनेसुद्धा ती माफ केली होती.

"फक्त उजव्या कडेला हे काहीतरी गुलाबी आहे, ते जायला हवं," म्हणत त्याने भिंग उचललं. बराच वेळ बघत राहिला. मग भिंग ठेवून चष्मा पुसला. "माणूस आहे," तो म्हणाला. "आणि अंगावर... चिंधीसुद्धा नाही."

झालं! भिंग हातोहात फिरलं. सिर्पा तर टेबलावर डोकं ठेवून हसत होती.

"शनिवारी काढलास होय गं हा?"

"हो. संध्याकाळी."

"शनिवारी संध्याकाळी! अगं, अख्खं गाव सौनाच्या वाफेत बसलेलं असतं तेव्हा. घाम काढून जो तो तळ्याकडे धावतो. अशा वेळी किनाऱ्याकडे कॅमेरा धरतं का कुणी? आपल्या पाद्रीबाई सापडल्या असत्या म्हणजे?"

हिल्काला खरंच सुचलं नव्हतं. ऊन असं काही तिरपं आलं होतं की ती होडी वल्हवत थेट पलीकडच्या खडकाशी गेली, आणि वार, वेळ, रीत सगळं विसरली. एरवी माणूस टाळण्यात तिचा हात कुणी धरत नसे. फोटोत कुणाची नुसती टोपी दिसली तरी ती कापायची. माणसं काय वर्षभर दिसतात, पानांचे रंग आठवडाभर, असं तिचं म्हणणं.

"पाठमोरा आहे हे नशीब! कोणाच्या धक्क्यावर उभा आहे पण तो?" राइमोने विचारलं.

हिल्काने भिंग घेतलं. किनाऱ्याच्या लाकडी धक्क्याची एक फळी बाकीच्यांपेक्षा उजळ होती. ती फळी तिने स्वतःच्या हाताने ठोकली होती, कारण तौनोला आता हातोडी धरता येत नव्हती.

तौनो तिचा नवरा. गेल्या हिवाळ्यात अर्धांगाच्या झटक्याने त्याची उजवी बाजू गेली. थोडी परत आली, पण सौनाचं नाव काढलं की तो म्हणे, "मला धरून नेणार असलीस तर नको." तेव्हापासून तो घरातच अंग पुसून घ्यायचा आणि ती शनिवारी सिर्पाकडे जायची. फोटो काढला त्या शनिवारी ती परतली तेव्हा त्याचे केस ओले होते. डोकं धुतलं, म्हणाला. तिने विचारलंही नाही.

फोटोतल्या माणसाचा उजवा खांदा उतरलेला होता. हातात काठी नव्हती. शेजारी कुणी नव्हतं.

"हा तौनो आहे," हिल्का म्हणाली.

हसणं थांबलं. "एकटा?" सिर्पाने विचारलं.

"एकटाच!" आणि हिल्काच मोठमोठ्याने हसायला लागली. डोळे वाहत होते, ते तिने बाहीला पुसले.

"मग तर सोपंच आहे," राइमो हळूच म्हणाला. "एवढी पट्टी कापली की मुखपृष्ठ तयार. अख्खा फोटो घरी लाव."

हिल्काने पुठ्ठा सरकवून तौनोला झाकलं. फोटोचं काही बिघडत नव्हतं. उलट सुधारतच होता. मग तिने दुसरा पुठ्ठा डावीकडून आत आणला. काळी झाडं गेली, पाणी गेलं, पिवळी रांग गेली, आणि धक्क्यावर तौनो तेवढा उरला. तिने दोन्ही पुठ्ठे उचलून बाजूला ठेवले.

"नाही कापायचा."

"अगं, कॅलेंडर शाळेत लागतं, चर्चमध्ये लागतं!" राइमो म्हणाला.

"मग दुसऱ्या कुणाचा लावा."

"इतकी वर्षं मरत होतीस ना त्या मुखपृष्ठासाठी?"

"मरत होते. पण त्याला झाकून भिंतीवर वर्षभर मिरवायचं मला नाही जमणार. अरे राइमो, एकटा उभा आहे रे तो."

घरी तौनो डाव्या हाताने बटाटे सोलत होता. तिने फोटो त्याच्यासमोर ठेवला. त्याचे कान लाल झाले.

"शनिवारी कॅमेरा घेऊन गेलीस?"

"चुकलं बाबा!"

"सांगणार होतो. नीट जमलं की सांगणार होतो. पहिल्या खेपेला तर बसूनच घसरत गेलो. तू असतीस तर ओरडली असतीस."

"धरलंच असतं तुला."

"तेच तर!" तो म्हणाला. मग त्याला आठवलं. "आणि मुखपृष्ठ?"

"हुकलं."

"माझ्यामुळे?"

"तुझ्या ढुंगणामुळे!"

तौनो हसला, पण त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं. "कापायचं ना, वेडे."

"नाही कापवलं."

मग तौनो टेबलाला धरून उठला. वार मंगळवार होता, पण तो लाकडं घेऊन सौना तापवायला गेला, आणि हिल्का मदतीला उठली नाही.

सौनात दोघं भरपूर वेळ बसले. घामाने निथळल्यावर तौनो म्हणाला, "तू पुढे हो. धक्क्यावर जाऊन बस. आणि मागे वळून बघायचं नाही."

हिल्का पाण्यात पाय सोडून बसली. पाणी कडाक्याचं गार होतं. मागच्या वाटेवर पानं वाजली. एक पाय पडत होता, दुसरा घासत येत होता. मधेच आवाज थांबला. ती फळीची कड घट्ट धरून बसली. पण तिने मान वळवली नाही.

पानं पुन्हा वाजली. मग फळ्या करकरल्या.

"सरक की जरा," तौनो म्हणाला.