एका बोटाची शिवण

मोफत वर्गाच्या पहिल्या दिवशी हेमलता मगदूमने दोन चौकोन एकमेकांना जोडले आणि तिच्या घरातला पॅसेज एका पावलाने कमी झाला. तिला ते लगेच कळलं. इचलकरंजीतल्या त्या घरात ती एकतीस वर्षं राहत होती, आणि स्वयंपाकघरापासून सासूच्या खोलीपर्यंत तिची बरोबर अकरा पावलं पडत. त्या दुपारी चहा घेऊन जाताना दहाव्या पावलालाच तिचा पाय उंबऱ्याला लागला. थोडा चहा बशीत सांडला.

"आज लवकर पोचलीस," आक्का म्हणाल्या.

"घर कमी झालंय, आक्का."

आक्कांनी बशीतला चहा परत कपात ओतून घेतला. त्या सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या. गेली चार वर्षं त्या खाटेवरून फक्त मोरीपर्यंत जात, आणि घराची लांबी-रुंदी त्यांना तेवढ्यापुरतीच लागत होती.

हेमलताने तो वर्ग नातीच्या दुपट्यासाठी लावला होता. तिची एकुलती एक लेक त्रिशला पुण्यात असे. त्रिशलाला दोन वर्षांची मुलगी होती, चार्वी, आणि हेमलताने तिला आजवर फोनवरच पाहिलं होतं. बाळंतपणाच्या वेळी त्रिशलाने आईला बोलावलं होतं. आक्का घर सोडून यायला तयार नव्हत्या, आणि त्यांना एकटं ठेवता येत नव्हतं. हेमलता गेली नाही. तेव्हा त्रिशला फोनवर एवढंच म्हणाली होती, "तुला सासू सोडवत नाही. लेक सोडवते." त्यानंतर ती दिवाळीला आणि पर्युषणात फोन करी. तब्येत विचारी आणि ठेवून देई.

मग एक दिवस हेमलताला फोनवर जाहिरात दिसली. घरबसल्या शिवण आणि वाकळकाम शिका. विकत घेण्याआधी सात दिवस वापरून पाहा, सात दिवसांत सात पाठ. तिने बोट टेकवलं.

शिकवणाऱ्या बाईंचा चेहरा कधीच दिसत नसे. दिसत ते फक्त हात, मनगटापासून पुढे, पांढऱ्या टेबलावर. आवाज मऊ होता. "एक चौकोन तुमच्या कपड्याचा घ्या, एक ज्याला तुम्हाला जोडायचंय त्याच्या. सुलट बाजू समोरासमोर. कडेपासून एका बोटाची शिवण सोडा. त्या बोटभर जागेत जे येईल ते आत जाईल, बाहेरून दिसणार नाही."

चार्वीचं कापड तिच्याकडे नव्हतं. तिने कपाटातून त्रिशलाचा लहानपणीचा पिवळा फ्रॉक काढला आणि कापला. दुसरा चौकोन तिच्या इरकली साडीचा होता.

दुसऱ्या दिवशी भाजीवाली मैनाबाई दारात टोपली उतरवून उभी राहिली आणि गल्लीकडे बघू लागली.

"वहिनी, कालपर्यंत या गल्लीत सात घरं होती."

"आज?"

"आज पाच. चौगुल्यांचं नाही आणि त्यांच्या पलीकडचं नाही. तुमच्या दाराला लागूनच आता पिठाची गिरणी आलीय."

"शिवणीत गेली असतील," हेमलता म्हणाली.

"बरं." मैनाबाईने वांगी तोलली. "मग चौगुलीणबाईंनी सांगितलेली मेथी कुणाला देऊ?"

हेमलताने मेथी घेतली. ती निवडताना तिचं मन लागेना. दुपारी फोन उशीला टेकवून ठेवला आणि वर्ग सुरू झाल्याबरोबर ती म्हणाली, "माणसं राहत असलेली घरं गेली आत."

पडद्यावरचे हात थांबले. "टाके लहान घाला, ताई. घट्ट शिवलं की त्यांना त्रास होत नाही."

"पण परत येतील का ती?"

"उसवायचं कसं ते पुढे शिकवते. ते पूर्ण कोर्समध्ये आहे. आता तिसरा चौकोन घ्या."

तिने तिसरा चौकोन घेतला. घेतला नसता तरी चाललं असतं, हे तिला नंतर पुष्कळदा आठवलं. पण त्या क्षणी मशीनची सुई वर होती आणि पिवळ्या कापडाला त्रिशलाच्या घामाचा जुना वास येत होता.

तिसऱ्या दिवशी पुण्याकडचा हमरस्ता गोळा होऊ लागला. वारणेवरचा पूल सकाळी होता, दुपारी नव्हता. कराड शिवणीत गेलं तेव्हा घरात थोडी धूळ उडाली, तेवढंच. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यामागून ट्रकचे हॉर्न ऐकू येऊ लागले आणि कोणीतरी सुट्टे पैसे मागत होतं. हेमलताने भिंतीला हात लावला. भिंत गरम होती. टोलनाका आता तिच्या ओट्याला टेकला होता.

"रस्ता लवकर आत जातो," बाई म्हणाल्या. "तलम असतो. आपलं घर जाड असतं, ते शेवटी येतं. जाड कापडाला सुई बदलायची, विसरायचं नाही."

चौथ्या दिवशी घाट गेला. हेमलताचे दोन्ही कान बंद झाले आणि आवंढा गिळल्यावर उघडले. उघडले तेव्हा आक्कांच्या खोलीच्या पूर्वेकडच्या भिंतीतून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग चमच्याचा ताटलीवरचा आवाज. मग त्रिशलाचा आवाज, अगदी जवळून. "हा घास चिऊचा. हा घास काऊचा."

हेमलता भिंतीला कान लावून उभी राहिली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "त्रिशू."

पलीकडे चमचा थांबला.

"आई, तू बोलतेस?"

"हो."

"कुठून बोलतेस?"

"आक्कांच्या खोलीतून."

"म्हणजे अजून तिथंच आहेस," त्रिशला म्हणाली, आणि पुन्हा भरवू लागली. चार्वीने विचारलं कोण आहे, तेव्हा ती म्हणाली, "शेजारच्या बाई आहेत."

हेमलता वळली. आक्का खाटेवर बसल्या होत्या. खाटेच्या दोन्ही बाजूंना आता भिंती लागल्या होत्या. कपाट कुठे गेलं ते हेमलताने पाहिलं नव्हतं.

"पाय लांब करता येतात का, आक्का?"

"येतात. कूस बदलता येत नाही."

पाचव्या दिवशी मोरी गेली. हेमलताने आक्कांना दाराच्या चौकटीतच पुसून काढलं. त्यांची पाठ पुसताना आक्का म्हणाल्या, "आता मधे काय उरलंय?"

"एक चौकोन."

"म्हणजे ही खोली."

"हो."

"आणि मी."

हेमलताने टॉवेल पिळला आणि पुन्हा पिळला. त्यात पाणी उरलं नव्हतं.

"तिच्या बाळंतपणाला तुला जाऊ दिलं नाही," आक्का म्हणाल्या. "मला यायला जमत नव्हतं असं नाही. डॉक्टरने गाडीतून न्या म्हटलं होतं. मला भीती वाटली. मला वाटलं तिथं गेलीस की तू तिथलीच होशील."

"मी परत आले असते."

"आली असतीस. पण तेव्हा ते मला ठाऊक नव्हतं." त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "शिव तू. पण टाके लांब टाकू नकोस. लांब टाक्यांतून थंडी शिरते."

सहाव्या दिवशी हेमलताने वर्ग उघडला नाही. तिने फोन उपडा ठेवला, ब्लेड घेतलं आणि शेवटची शिवण उसवायला बसली. पहिला टाका तुटल्याबरोबर फटीतून डिझेलचा वास आला. दुसरा तुटला तेव्हा आतून चौगुलीणबाई खोकल्या आणि कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "आत्ता कुठं डोळा लागला होता." पूर्वेची भिंत हातभर मागे सरकली. पलीकडून चार्वी रडायला लागली, आणि ते रडणं टाक्याटाक्याने लांब जाऊ लागलं. ज्या जागी सुई गेली होती तिथं कापडाला भोकं राहिली होती. भोकांमधून उजेड येत नव्हता.

हेमलताने ते दोन टाके हाताने परत घातले. रडणं जवळ आलं आणि थांबलं. उपड्या फोनमधून बाई म्हणाल्या, "होतं असं पहिल्यांदा. उद्या शेवटचा मोफत पाठ. मशीन दारात आणून ठेवा."

तिने मशीन दारात आणून ठेवलं. दुसरीकडे कुठे ठेवायला जागाही नव्हती. पॅसेज आता नव्हताच. ओट्याशी उभं राहून तिला आक्कांच्या डोक्याला तेल लावता येत होतं.

सातव्या दिवशी दुपारी दोघी जेवल्या. हेमलताने शिरा केला होता. आक्कांनी दोनदा मागून घेतला. मग त्या खाटेवर सरळ पडल्या, हात अंगाशी घेतले आणि म्हणाल्या, "कापडाचं एक टोक माझ्याकडे दे. ताणून धरते. नाहीतर चुण्या पडतील."

"आक्का, आपण हे इथंच थांबवू."

"मग ती पोर कायम भिंतीपलीकडे जेवणार. आणि तू कायम इथं कान लावून उभी राहणार. दे टोक."

हेमलताने टोक दिलं. तिने जाड सुई बसवली आणि पाय चालवायला सुरुवात केली. मशीन सावकाश चाललं. तिने टाके अगदी लहान ठेवले, मोहरीएवढे. ती सुईकडेच बघत होती. एकदाच तिने मान वर केली, तेव्हा दोन्ही भिंती खाटेच्या वर आल्या होत्या आणि आक्का एका कुशीवर वळल्या होत्या. कूस बदलता येत नाही असं त्या म्हणाल्या होत्या, पण आता त्या फार कमी जागा घेत होत्या. "डाव्या हाताला कापड जरा सैल सोड," त्यांचा आवाज आला. मग साडीच्या निरीसारखी एक घडी दिसली. मग शिवण सरळ पुढे गेली.

शेवटची चार बोटं तिने मोकळी सोडली, बाईंनी सांगितलं होतं म्हणून. दोरा कापला. समोर खोली नव्हती, खाट नव्हती. समोर भिंत होती आणि तिच्या मांडीवर दोन वीत लांबीरुंदीचं दुपटं होतं, उलट्या बाजूचं, सगळ्या शिवणी बाहेर. पलीकडून आता काहीच ऐकू येत नव्हतं. रडू येईल असं तिला वाटलं होतं. तिने मांडीवरचे दोऱ्याचे तुकडे वेचून घेतले.

"छान," बाई म्हणाल्या. "आपली सुलट बाजू आत आहे. ज्यांना जोडलंत ती माणसंही आत आहेत. आता फटीतून हात घाला, पलीकडचा कोपरा धरा आणि सगळं बाहेर ओढून घ्या. शेवटी ही फट बंद करायची असते."

हेमलताने फोन ओट्यावर नीट टेकवून ठेवला आणि हात फटीत घातला. दोन वितींच्या कापडात तिचा हात कोपरापर्यंत गेला, मग दंडापर्यंत. आत गार होतं. बोटांना एका जिन्याचा कठडा लागला, पुढे डांबराची ऊब लागली, मग बराच वेळ नुसता वारा. तिने खांदा टेकवला आणि आणखी पुढे चाचपलं. कोपरा सापडला नाही. कुणीतरी तिचा हात धरला.

हात मोठ्या माणसाचा होता. आक्कांचा तिने ओळखला असता, चार वर्षं ती तो रोज पुसत होती. त्रिशलाचा हात कसा लागतो ते तिला आठवेना. तिने बोटांनी विचारल्यासारखं एकदा दाबलं. आतूनही एकदा दाबलं गेलं.

"त्रिशू?" ती म्हणाली. "आक्का?"

"आता ही फट बंद करताना," बाई म्हणाल्या, "दोरा दुहेरी घ्यायचा आणि गाठ..."

आवाज थांबला. पांढऱ्या टेबलावर हात तसेच राहिले, सुईत दोरा ओवता ओवता. त्यांच्यावर एक चौकोन उमटला. सात दिवस पूर्ण झाले होते आणि पुढचं बघायचं तर पूर्ण कोर्स घ्यायला हवा होता. हेमलताने मोकळा हात फोनकडे लांब केला. ओटा सात दिवस तिच्याकडे सरकत आला होता. आता तो तिच्या हातापासून चार बोटं दूर होता.

आतल्या हाताने ओढायला सुरुवात केली, जोराने नाही, कापड उलटवताना ओढावं तसं. भिंतीवरचं कॅलेंडर वळलं आणि त्याची कोरी पाठ पुढे आली. मग खिडकी वळली.